डहाणू-तलासरीचे घर : कुडाची भिंत आणि भूकंपाचा धडा

वास्तुशिल्पाचा विषय निघाला की राजवाडे, मंदिरे, किल्ले आणि सार्वजनिक इमारती यांचीच नावे प्रथम घेतली जातात. सामान्य माणसाने आपल्या हाताने, आपल्या शिवारातील साहित्याने उभारलेल्या घराला वास्तुकलेच्या इतिहासात क्वचितच स्थान मिळते. वस्तुतः राजवाडा एका पिढीच्या वैभवाची साक्ष देतो, तर साधे घर अनेक पिढ्यांच्या अनुभवाची. त्या घराची प्रत्येक काठी, प्रत्येक बांधणी आणि छपराचा प्रत्येक उतार यांमागे पाऊस, ऊन, वारा, जंगल व जमीन यांविषयीचे संचित ज्ञान असते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांतील घर हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून या परिसराला भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची दीर्घ मालिका अनुभवावी लागली. त्या काळात असंख्य कुटुंबांनी घराबाहेर मोकळ्या जागेत रात्री काढल्या. ज्या घराने आसरा द्यावयाचा त्याच घराची धास्ती वाटावी, याहून मोठी विपरीतता ती कोणती? म्हणूनच येथील घर पूर्वी कसे होते, ते का बदलले आणि आता ते कसे बांधले जावे, या तीन प्रश्नांचा विचार पंचायतीच्या सभासदांनी, शिक्षकांनी आणि शासकीय अधिकाऱ्यांनी एकत्रितपणे करणे अगत्याचे झाले आहे.

प्रदेश आणि माणसे

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या उत्तर टोकाला, गुजरात राज्याच्या सीमेला लागून डहाणू व तलासरी हे तालुके आहेत. पश्चिमेकडे समुद्रकिनारा, त्यालगत चिकूच्या वाड्या, मधून जाणारा लोहमार्ग आणि पूर्वेकडे चढत गेलेला डोंगराळ, जंगलमय मुलूख अशी या भागाची साधारण रचना आहे. वारली ही येथील प्रमुख जमात. तिच्या जोडीला कोकणा, धोडिया, दुबळा आणि कातकरी या जमातींची वस्ती आहे. किनाऱ्यावर मांगेला कोळी समाज आहे, तर डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात पारशी व इराणी बागायतदारांची घरे आहेत. दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतात. तलासरी तालुक्यात तर २०११ च्या जनगणनेनुसार दहा माणसांतील सुमारे नऊ जण अनुसूचित जमातींचे आहेत.

या प्रदेशात घरांचे ठळकपणे तीन प्रकार दिसतात. पहिले कुडाचे घर, दुसरा वाडीतील कौलारू बंगला आणि तिसरे विटांचे अथवा सिमेंट-काँक्रीटचे नवे घर. या तिन्ही प्रकारांची बांधणी समजून घेतल्याशिवाय भूकंपाचा प्रश्न नीट उलगडत नाही.

मेढीवर उभे राहणारे घर

वारली कुटुंबाचे परंपरागत घर भिंतीवर उभे नसते, ते मेढीवर उभे असते. ही गोष्ट वरवर साधी दिसली तरी तीत या बांधणीचे सारे मर्म सामावलेले आहे. मेढ म्हणजे वरच्या टोकाला नैसर्गिक बेळके असलेला लाकडी खांब. अशा मेढी जमिनीत खोल पुरून त्यांच्या बेळक्यांत आडे ठेवतात. आढ्यापासून दोन्ही बाजूंना वासे उतरतात, वाशांवर बांबूच्या कामट्या बांधतात आणि त्यांवर पाने, गवत किंवा भाताचा पेंढा अंथरून छप्पर शाकारतात. छपराचा सारा भार मेढी पेलतात. भिंतीवर तो येत नाही.

भिंतीचे काम फक्त आडोशाचे असते, आणि ती असते कुडाची. सह्याद्रीच्या उतारांवर मुबलक उगवणारी कारवी ही या कुडाची मुख्य सामग्री होय. ही झुडपासारखी वनस्पती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळते. तिच्या सरळ, बारीक, चिवट काठ्या जवळजवळ उभ्या लावून आडव्या कामट्यांनी आवळून बांधल्या की कूड तयार होतो. त्यावर माती, शेण आणि भाताचे तूस एकत्र मळून आतून-बाहेरून लिंपण केले जाते. काही ठिकाणी बाहेरील बाजू न लिंपता तशीच ठेवतात. जमीन चोपून, शेणाने सारवून टणक केलेली असते.

या साऱ्या बांधणीत खिळ्याला फारसे स्थान नव्हते. बेळक्यात बसविणे आणि वाखाने किंवा सालीच्या दोराने बांधणे, हेच सांधे जोडण्याचे दोन मार्ग होते. असा सांधा थोडासा हलू शकतो, पण सहसा निखळत नाही. घर बांधण्याचे कामही एकट्याचे नसे. पाड्यावरील माणसे सावडीने एकमेकांचे घर उभारीत. कोणी मेढी तासी, कोणी वासे चढवी, कोणी कूड बांधी आणि लिंपणाचे काम मुख्यतः स्त्रिया करीत. त्यामुळे घर कसे उभे राहते हे पाड्यावरील प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक असे. घरबांधणीचे ज्ञान समाजाच्या मालकीचे होते, एखाद्या गवंड्याच्या किंवा कंत्राटदाराच्या नव्हे.

खिडकी नसलेले घर

बाहेरून पाहणाऱ्याला या घरात खिडकी नाही ही मोठी उणीव वाटते. उजेड आणि हवा यांची सोय मात्र त्यात अगदीच नसते असे नाही. न लिंपलेल्या अथवा पातळ लिंपलेल्या कुडाच्या फटींतून मंद प्रकाश व वारा आत येतो. भर उन्हाळ्यात दुपारी आतील अंधार आणि गारवा सुखावह वाटतो. छप्पर चारी बाजूंनी खाली झुकलेले असल्याने मुसळधार पावसाचा मारा मातीच्या भिंतीवर थेट बसत नाही.

घराच्या आत जागेची वाटणी सुस्पष्ट असते. एका अंगाला चूल, तिच्याजवळ पाण्याची भांडी, दुसऱ्या अंगाला गुरांची बांधणी, भाताने भरलेली कणगी, उखळ-मुसळ आणि वर माळा. चुलीचा धूर बाहेर जाण्यास धुराडे नसते. तो छपरातून हळूहळू झिरपतो. त्यामुळे माळ्यावरील बियाणे किडीपासून सुरक्षित राहते आणि छपरातील बांबू व गवतही अधिक टिकते. याच धुराने गृहिणीच्या डोळ्यांना व फुप्फुसांना अपाय होतो, हेही तितकेच खरे. जुन्या घराचे गुण सांगताना त्याचे दोष झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

घरासमोरचे अंगण हा या वास्तूचा अविभाज्य भाग होय. मांडव, खळे, मुलांचे खेळणे, नाचाचा फेर, पाहुण्यांची बैठक या सर्वांची जागा अंगणात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभिलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर विस्तारलेले बालशिक्षणाचे कार्य सर्वज्ञात आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्या कार्यातील क्रांतिकारक विचार. आज देशभर रूढ असलेल्या अंगणवाडी या शब्दामागे याच परिसरातील घराचे अंगण आहे, याची जाणीव येथील शिक्षकांना असणे उचित ठरेल.

कुडाच्या भिंतीचे आणखी एक महत्त्व आहे. लग्नप्रसंगी याच गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात. वारली बोलीत चित्र काढीत नाहीत, चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवी विराजमान होते आणि धवलेरीच्या गीतांनी विवाहविधी पार पडतो. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी हीच रेषा भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. ज्या भिंतीने ही कला जोपासली ती भिंत मात्र वर्षागणिक कमी होत चालली आहे.

वाडीतील कौलारू बंगला

१८६४ मध्ये मुंबई व गुजरात यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि या किनारपट्टीचे स्वरूप पालटले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इराणातून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांनी येथे बागायत वाढविली. घोलवडचा चिकू पुढे इतका नावारूपास आला की २०१६ मध्ये त्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले. या वाड्यांतील बंगल्यांची धाटणी निराळी. उंच जोते, विटांच्या जाड भिंती, सागवानी तुळया, समोर प्रशस्त व्हरांडा आणि वर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर. १८६५ मध्ये मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यापासून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली.

या बंगल्यांचा प्रभाव हळूहळू पाड्यांपर्यंत पोहोचला. दरवर्षी शाकारावे लागणारे गवती छप्पर जाऊन त्याजागी कौले आली, पुढे कुडाच्या जागी विटा आल्या. यामागे केवळ अनुकरण नव्हते. पक्के घर हे स्वातंत्र्याचे चिन्ह होते. १९४५ च्या वारली उठावापूर्वी येथील बहुसंख्य आदिवासी जमीनदाराच्या वेठीला जुंपलेले होते आणि कुळाच्या डोक्यावरील छप्परही जमीनमालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. ज्याला आपल्या जमिनीची शाश्वती नाही, त्याने पक्के घर बांधावे तरी कशासाठी? गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्या काळाचे दर्शन घडते. त्या पार्श्वभूमीवर नातवाने बांधलेल्या विटांच्या भिंतीकडे पाहिले म्हणजे तिच्यातील अभिमान समजतो. तो अभिमान रास्तच आहे. प्रश्न विटेचा नाही, ती वीट कशी रचली जाते याचा आहे.

लंडनचा दाखला

सामान्य माणसाचे घर नियमाने कसे घडते याचा एक बोलका दाखला दूरच्या लंडन शहरात सापडतो. १६६६ पूर्वी त्या शहरातही लाकडी सांगाडा, मध्ये काटक्यांचा कूड आणि वर मातीचे लिंपण अशीच पुष्कळ घरे होती. त्या वर्षीच्या भीषण आगीत शहराचा फार मोठा भाग जळून गेला. त्यानंतर १६६७ च्या कायद्याने घराच्या बाह्य भिंती विटांच्या किंवा दगडांच्याच असाव्यात असे बंधन घातले आणि घरांचे प्रकार ठरवून प्रत्येकाची उंची व भिंतींची जाडी निश्चित केली. १७०७ च्या कायद्याने छपराखालील लाकडी कंगोऱ्यांना मनाई केली. १७०९ च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत घेण्यास सांगितले, हेतू हा की आग एका घरावरून दुसऱ्या घरावर उडी घेऊ नये. १७७४ च्या कायद्याने घरांच्या प्रतवाऱ्या पाडून हे नियम अधिक काटेकोर केले.

१७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर लागोपाठ चार जॉर्ज राजे झाले, म्हणून त्या काळातील घरांना जॉर्जियन घरे म्हणतात. अरुंद दर्शनी भाग, रांगेत एकमेकांस चिकटलेली घरे, दोन घरांत एक सामाईक भिंत, खालच्या दिवाणखान्याच्या मजल्यावर उंच खिडक्या आणि वर जाताना लहान होत जाणाऱ्या खिडक्या, हे त्यांचे वैशिष्ट्य. ही घरे आज वास्तुसौंदर्याचा नमुना म्हणून जतन केली जातात. परंतु त्यांतील बहुसंख्य घरे नामांकित वास्तुविशारदांनी नव्हे, तर गवंडी आणि सुतार यांनी छापील नमुन्यांच्या पुस्तकांवरून बांधलेली आहेत. भिंतीत आत घेतलेल्या खिडकीची जी खोल सावली आज डोळ्यांना सुंदर वाटते, तिचा उगम आगीच्या भीतीत आणि कायद्याच्या एका कलमात आहे.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, आपत्तीनंतर केलेला साधा, मोजता येणारा नियम गवंड्याच्या हाती पडला म्हणजे सर्वसामान्यांचे घर सुरक्षित होते आणि कालांतराने तोच नियम त्या प्रदेशाची शैली बनतो. दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक प्रदेशाचा शत्रू वेगळा असतो. लंडनचा शत्रू आग होता, म्हणून तेथे कूड गेला आणि वीट आली. ज्या प्रदेशात जमीन हादरते, तेथे नुसती वीट हे उत्तर ठरत नाही.

जमिनीचा हादरा

डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी, हळदपाडा आणि आसपासच्या गावांना नोव्हेंबर २०१८ पासून धक्के जाणवू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतील मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी भीतीने घराबाहेर धावताना पडून एका लहान मुलीला प्राण गमवावे लागले. जुलै २०१९ मध्ये धक्क्यांच्या एका रात्री घराची भिंत कोसळून एका गृहस्थाचा मृत्यू झाला. अनेक घरांच्या भिंतींना तडे गेले. प्रशासनाने तंबूंची व्यवस्था केली आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाचारण करण्यात आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने भूकंपमापक यंत्रे बसवून अभ्यास केला. हे धक्के जमिनीच्या पोटात फार खोल नव्हते, उथळ होते. त्यामुळे तीव्रता मध्यम असूनही ते जोराने जाणवत आणि धक्क्याबरोबर मोठा आवाजही ऐकू येई.

भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. १८९३ या संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत हा परिसर तिसऱ्या भूकंप विभागात दाखविलेला आहे. तिसरा विभाग म्हणजे मध्यम धोक्याचा प्रदेश. मध्यम या शब्दाने गाफील राहणे मात्र परवडणारे नाही.

भूकंपात घरावर जो जोर येतो तो घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. घर जितके जड तितका जोर अधिक. नऊ इंची विटेच्या भिंतीच्या एका चौरस मीटरचे वजन चारशे किलोग्रॅमहून अधिक भरते. दोन-अडीच इंच जाडीच्या लिंपलेल्या कुडाचे वजन त्याच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके असते. शिवाय कुडाच्या घरात छप्पर मेढींवर असल्याने भिंतीचा काही भाग गळून पडला तरी छप्पर सहसा खाली येत नाही. बांधलेले सांधे थोडे हलून धक्का सोसतात. याउलट चिखलात किंवा निकृष्ट सिमेंटमध्ये रचलेल्या विटांच्या चार भिंती एकमेकींना बांधलेल्या नसतील, तर धक्क्याबरोबर त्या कोपऱ्यांत उकलतात, बाहेर झुकतात आणि त्यांच्यावर टेकलेले छप्पर माणसांच्या अंगावर येते.

महाराष्ट्राने याचा दारुण अनुभव ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात घेतला. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील त्या गावांत दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि मातीची जड धाबी होती. भिंतीच्या आतील व बाहेरील थरांना जोडणारे लांब दगड बहुधा घातलेले नव्हते. पहाटेच्या त्या धक्क्यात हजारो माणसे आपल्याच घराच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली. जी घरे अधिक भक्कम दिसत होती तीच अधिक घातक ठरली.

आसामचा अनुभव याच्या उलट आहे. १२ जून १८९७ च्या प्रलयंकारी भूकंपात दगडविटांच्या इमारती कोसळल्या. त्यानंतर तेथे लाकडी सांगाडा, इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताचे कूड, त्यावर लिंपण आणि वर हलके छप्पर अशी घरे रूढ झाली. सरकारी निवासस्थाने आणि शाळाही त्याच पद्धतीने बांधण्यात आल्या. इकराचे ते घर आणि कारवीचे हे घर यांच्यात जवळचे नाते आहे. एका प्रांताने ज्या बांधणीला सुधारून प्रतिष्ठा दिली, तीच बांधणी दुसऱ्या प्रांतात कच्ची म्हणून मागे पडली.

कच्चे आणि पक्के

म्हणून सर्वांनी पुन्हा कुडाच्या घरात राहावयास जावे असा याचा अर्थ नव्हे. जमिनीत पुरलेल्या मेढी ओलाव्याने कुजतात, त्यांना वाळवी लागते. गवताचे छप्पर पेट घेते. दरवर्षीचे लिंपण आणि शाकारणी यांचा बोजा कुटुंबावर, त्यातही स्त्रियांवर पडतो. जवळपासच्या जंगलात कारवी, बांबू आणि मेढीचे लाकूड पूर्वीसारखे सहज मिळत नाही. पक्क्या घराची कुटुंबांची आकांक्षा न्याय्य आहे आणि शासनाच्या योजनाही त्याच दिशेने आखलेल्या आहेत. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण हिने घेतली आणि घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. आदिवासी कुटुंबांसाठी राज्य शासनाची शबरी आदिवासी घरकुल योजनाही आहे.

येथे एक बारकावा ध्यानी घेण्यासारखा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्क्या घराची व्याख्या करताना नेहमीची देखभाल ठेवल्यास किमान ३० वर्षे वापर, हवामान व इतर नैसर्गिक शक्तींना तोंड देऊ शकेल ते घर, असे म्हटले आहे. म्हणजे पक्केपणा विटेत नाही, टिकाऊपणात आहे. ‘पहल’ या नावाने केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या संग्रहात निरनिराळ्या प्रदेशांतील हवामान, स्थानिक साहित्य आणि आपत्तीचा धोका विचारात घेऊन ग्रामीण घरांचे नमुने दिलेले आहेत. काँक्रीटच्या जोत्यावर लोखंडी पट्टीने पकडलेल्या मेढी, प्रक्रिया केलेला बांबू, दोन्ही बाजूंनी नीट लिंपलेला कूड आणि कौलांचे घट्ट बांधलेले छप्पर, असे सुधारित घर या प्रदेशात अशक्य नाही. मातीच्या व कुडाच्या घरांसाठी आय. एस. १३८२७ ही स्वतंत्र संहिता १९९३ पासून उपलब्ध आहे.

सर्वांत धोक्याचे घर आहे ते ना धड जुने, ना धड नवे. मेढी काढून टाकलेल्या, विटांच्या भिंती उभारलेल्या, पण त्या भिंतींना कोठेही पट्टा नाही, आणि छपराचे वासे भिंतीवर नुसते टेकवून ठेवलेले. जुन्या घराची लवचीकता गेली आणि नव्या घराचा मजबूतपणा आला नाही, अशी त्याची अवस्था होते.

गवंड्याच्या हाती द्यावयाचे नियम

विटांचे घर भूकंपात तगवून धरणारे नियम फार अवघड नाहीत.

पहिला नियम पट्ट्याचा. जोत्याच्या पातळीवर, दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर आणि छपराखाली असा लोखंडी सळ्यांसह काँक्रीटचा अखंड पट्टा घराच्या चारी भिंतींवरून फिरला पाहिजे. पिंपाच्या लाकडी फळ्यांना जशी लोखंडी कडी एकत्र ठेवते, तसा हा पट्टा भिंतींना एकत्र ठेवतो. दारावर तेवढा एक तुकडा टाकून काम भागत नाही.

दुसरा नियम कोपऱ्यांचा. प्रत्येक कोपऱ्यात पायापासून छतापर्यंत एक उभी सळई असावी आणि दोन भिंतींच्या विटा एकमेकींत गुंतवून रचाव्यात. तिसरा नियम दारे-खिडक्यांचा. ती कोपऱ्याला खेटून नसावीत, शक्यतो दोन फुटांचे अंतर सोडावे. एका भिंतीतील सर्व दारे-खिडक्यांची एकूण रुंदी त्या भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक नसावी.

चौथा नियम छपराचा. वासे पट्ट्याला बांधलेले असावेत, त्यांना तिरप्या कैच्या द्याव्यात आणि त्रिकोणी कडेची भिंत शक्य तो विटांची न करता हलक्या साहित्याची करावी. जुन्या कुडाला येथे आजही मानाचे स्थान देता येईल. पाचवा नियम पाण्याचा. विटा भिजवून लावाव्यात आणि बांधकामावर किमान आठवडाभर पाणी मारावे. पाड्यावर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असते आणि बांधकामाचा हंगामही तोच असतो. त्यामुळे हा सर्वांत स्वस्त नियमच सर्वाधिक मोडला जातो. पावसाळा संपताच बांधकाम हाती घेण्याचे नियोजन पंचायतीने केल्यास ही अडचण पुष्कळ अंशी दूर होईल.

पंचायतीचे आणि शाळेचे कार्य

घरकुलाच्या अनुदानाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार दिले जातात. जोते झाले की पाहणी होते, भिंती वर आल्या की पुन्हा पाहणी होते. याच दोन वेळी जोत्याचा पट्टा आणि दारावरील पट्टा आहे किंवा नाही हे पाहणे सहज शक्य असते. काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्या मोजणे हे दहा मिनिटांचे काम आहे, पण त्यानंतर तीस वर्षे ते कोणालाही करता येत नाही. ग्रामसेवक, अभियंता आणि सरपंच यांनी ही दहा मिनिटे प्रत्येक घरासाठी काढली तर एका पिढीचे रक्षण होईल. योजनेत ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. पाड्यावरील तरुणांना त्यासाठी पाठविले तर घरबांधणीचे ज्ञान पुन्हा पाड्यावर परतेल, आणि रोजगारही मिळेल.

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने विशेष अधिकार दिलेले आहेत. गौण वनोपजावरील हक्क आणि सामूहिक वनाचे संवर्धन व व्यवस्थापन यांचा त्यांत अंतर्भाव आहे. सामूहिक वनक्षेत्राच्या आराखड्यात बांबू आणि कारवी यांना जागा दिल्यास घरासाठीचे हलके साहित्य पुन्हा गावाच्या आवाक्यात येऊ शकेल. कारवीच्या फुलण्याचे चक्र सांभाळून, बी पडल्यानंतर तोड करण्याचे पथ्य मात्र पाळावयास हवे.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. विद्यार्थ्यांना आपापल्या घराचा नकाशा काढावयास सांगावे. मेढी कोठे आहेत, छपराचा भार कशावर आहे, कोणत्या भिंतीला तडा आहे, झोपण्याची जागा जड वस्तूंपासून दूर आहे काय, हे त्यांनी स्वतः पाहावे. धक्का बसल्यास घाबरून न धावता डोके कसे झाकावे, आणि मोकळ्या जागी कोणत्या वाटेने जावे, याचा सराव शाळेत व्हावा. आजी-आजोबांकडून मेढ, आढे, वासा, पाखे, कामटी, कूड या शब्दांचा संग्रह केल्यास भाषेचा आणि बांधणीचा असा दुहेरी ठेवा जतन होईल.

नव्या घराच्या आतील एखादी भिंत गेरूने सारवून चौकासाठी राखून ठेवण्यास कोणतीही योजना आड येत नाही. पट्ट्याने बांधलेल्या विटांच्या घरात पालघट देवीचा चौक लिहिला जावा, माळ्यावर बियाणे सुरक्षित असावे, चुलीचा धूर धुराड्याने बाहेर जावा आणि रात्री जमीन हादरली तरी निजलेल्या मुलांच्या अंगावर भिंत येऊ नये, इतकी साधी अपेक्षा या तालुक्यांतील प्रत्येक कुटुंबाची आहे. ती पुरी करण्यासाठी लागणारे नियम, अधिकार आणि निधीची तरतूद आज उपलब्ध आहे. पुढील घरकुलाचे जोते भरले जाईल तेव्हा सळ्या मोजण्यासाठी कोणीतरी तेथे उभे असले पाहिजे, एवढेच उरते.